बरडमायचं गवत

सकाळी तोंडाला मिश्री लावली की झुंबरबाई मागच्या दाराशी येऊन उभी राहायची. एक बोट दातांवर, दुसरा हात कपाळावर आडवा. समोर बरड. गावाच्या उगवतीला चढत गेलेलं मुरमाड रान, कुणा एकाचं नाही, सगळ्या गावाचं. सूर्य त्याच्या पाठीमागून वर यायचा आणि त्या उजेडात आधी दिसायची ती धूळ. मग धुळीखालचे पाय, पायांवरच्या पाठी, आणि सगळ्यांत मागे गुराखी पुंजाजीचं मळकं मुंडासं. ते दिसलं की झुंबरबाई मिश्री थुंकायची आणि म्हणायची, "निघाले."

पुढे कधी शिवी असायची, कधी नसायची. कोण निघालं, हे विचारायचं तिच्या नवऱ्याने, अर्जुनरावांनी, केव्हाच सोडून दिलं होतं.

हिवरझरी हे उंद्रीपासून कोसभर आत, नाल्याच्या काठाने वसलेलं गाव. ज्वारी, कापूस, थोडी तूर. विहिरीला पाणी असलं तर मिरची-वांगी. झुंबरबाईचं माहेर तिकडे दूर, सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरच्या बाजूला. तिथलं गावकुरण पावसाळाभर बंद असे. दसरा झाला की माणसं विळे घेऊन आत जात. जनावर मात्र कधीच जात नसे. लग्न होऊन ती इकडे आली तेव्हा बरडावर अजून गुडघाभर गवत उठत होतं. मग जनावरं वाढली, गवत वर काढायच्या आतच तोंडं लागू लागली, आणि पाहता पाहता बरडाची हाडं उघडी पडली. पाऊस आला की तो थांबायचाच नाही. मुरूम घेऊन धावत खाली यायचा, पायथ्याच्या वावरांत पसरायचा आणि नाल्यातून निघून जायचा. होळीपर्यंत विहिरींचा तळ दिसायचा.

हे सगळं झुंबरबाईला दिसत होतं आणि ती सांगत होती. पहिल्या वर्षी नवी सून म्हणून सासूने तिला गप्प केलं. नंतर गावाने तिचं नाव ठेवलं, 'संग्रामपूरवाली'. कुणाच्या बांधावर गवत जरा उंच झालं की लोक म्हणायचे, "संग्रामपूरचं बी पडलं वाटते."

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. ग्रामपंचायतीत बायांसाठीही जागा ठेवायची असा कायदा आला. सरपंच उत्तमरावांनी पुष्कळ विचार करून झुंबरबाईचं नाव घातलं. विचार असा, की अर्जुनराव म्हणजे गावातला सगळ्यांत शांत माणूस. त्याची बायको कशाला सभेला येते? अंगठा घरी जाऊन घेता येईल. नवऱ्याच्या मापाने बायको मोजली, एवढी चूक त्यांच्याकडून झाली.

पहिल्याच सभेला झुंबरबाई चावडीत हजर. सतरंजीवर पुरुष बसलेले. तिने घरून काखेत पोतं आणलं होतं. ते दाराशी झटकून टाकलं आणि त्यावर मांडी घातली.

"वहिनी, तुम्ही काऊन तरास घेतला?" उत्तमराव म्हणाले. "आमीच घरी आलो असतो."

"घरी मले कामं हायेत, भाऊ. इथंच बोलू."

आणि ती बोलली. बरड बंद करा. दोन पावसाळे एकही खूर वर जाऊ देऊ नका. गवत उभं राहिलं की मुरूम धरेल, मुरूम राहिला की पाणी राहील. मग विळ्याने कापा, डोक्यावर आणा, गोठ्यात टाका. ढोर घरी, गवत दारी.

सगळ्यांनी माना डोलावल्या. "हाव, हाव. बराबर हाय." उत्तमराव तर म्हणाले, "वहिनींनी लाखाची गोष्ट सांगितली." ठराव झाला. झुंबरबाई घरी आली ती आनंदाने नव्हे, संशयानेच आली. एवढ्या सहज या गावात दूधसुद्धा उतू जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दारातून तिने पाहिलं. धूळ. पाय. पाठी. पुंजाजीचं मुंडासं.

ती तशीच, तोंडात मिश्री, बरडाच्या पायथ्याशी गेली. "पुंजाजी, ठराव झाला ना रे?"

"झाला नं काकू. मी होतोच की बाहेर."

"मंग?"

"मंग काय? ढोरं काय माह्या डोक्यावर चारू? उत्तमराव म्हणे, आजच्या दिवस ने."

तो आजचा दिवस पुढे संपलाच नाही. झुंबरबाई पुन्हा सभेत गेली, पुन्हा बोलली, पुन्हा सगळे हाव म्हणाले. हेच तिला सोसवत नव्हतं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं. हो म्हणणाऱ्याशी माणूस काय भांडणार? रिकाम्या मडक्यात ओरडावं तसं आपलंच बोलणं गोल होऊन कानात परत यायचं.

मग तिने पायथ्याला बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. अर्जुनरावांना बरोबर घेतलं, हात सोलपटून निघाले. आठवड्याभरात कुंपण विरळ झालं. एके संध्याकाळी ती शेजारच्या मंजुळाबाईकडे विरजण मागायला गेली. मंजुळाबाई तिची चुलत जाऊ, वयाने लहान, जिभेने नाही. चुलीत बोरीचा काटा तडतडत होता.

"हा काटा कुठला वं, मंजुळे?"

"रानातला."

"कोणत्या रानातला?"

"आता बाई, काट्यावर काय नाव लिहेल राह्यते?" मंजुळाबाईने फुंकणी उचलली. "थो जळते चांगला, एवढं सांगतो."

पुढचा उपाय कोंडवाड्याचा. बरडावर सापडेल ते जनावर कोंडायचं, असं तिने सभेत मंजूर करून घेतलं. आणि पहिल्याच दिवशी सापडली ती तिची स्वतःचीच कपिली गाय. अर्जुनरावांनी सवयीने सकाळी दावं सोडून कळपात लावून दिली होती. झुंबरबाईने गाईच्या शिंगांना दोर घातला आणि भर गावातून तिला ओढत कोंडवाड्याकडे नेलं. ओट्या-ओट्यावर माणसं उभी राहून पाहत होती. गाय मागे वळून हंबरत होती. रात्री धार नाही, चहाला दूध नाही.

"तुमाले डोकं हाय का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हाय," अर्जुनराव म्हणाले, "पण हात आयकत नाही त्याचं."

गावाला हसायला एवढं पुरलं. कोंडवाडा पुढे रिकामाच राहिला.

असा एक पावसाळा वाया गेला, दुसरा अर्धा संपला, आणि पोळा आला. पोळ्याला हिवरझरीत मारोतीसमोर तोरण बांधतात. झूल घातलेले, शिंगं रंगवलेले बैल ओळीने तोरणाखाली उभे राहतात, माणसं झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतात, आणि तोरण तुटेपर्यंत एकही माणूस जागचा हलत नाही. सगळ्या गावाचे बैल आणि सगळ्या गावाचे धनी एका जागी, असा वर्षातला हा एकच दिवस. त्या दिवशी सकाळी मागच्या दारातून झुंबरबाईने पाहिलं होतं, की पोळ्याच्या सणालाही, बैल सजवायला घरी ठेवून, गावाने गाई-म्हशी बरडावर सोडल्यात. कोवळं गवत जमिनीपासून बोटभर वर आलं होतं, तेवढंही चाललं होतं.

बरडाच्या माथ्यावर शेंदूर लावलेला एक धोंडा होता. त्याला बरडमाय म्हणत. गावातल्या म्हाताऱ्या कधी नारळ फोडायच्या. बाकी फारशी कुणाला आठवण नसायची. पण कुणाचं पोर आजारलं की आधी तिचीच आठवण व्हायची. भीती होती, ती राखेखालच्या निखाऱ्यासारखी होती.

झडत्या रंगात आल्या होत्या. झुंबरबाई बायांच्या घोळक्यातून निघाली आणि तोरणाखाली जाऊन उभी राहिली. हातात नारळ आणि हिरवं चोळखण. झडती म्हणणारा मधेच थांबला.

"आयका सारे," ती म्हणाली. "लय हाव हाव झालं. आता मी कोणाले इचारत नाही. ह्या बैलांच्या साक्षीनं सांगतो, आजपासून बरड बरडमायचं. गवताची काडी मायची. ज्याचं जनावर आत जाईन, त्याचं थो पाहीन अन् माय पाहीन. मले मधात घेऊ नका."

आणि ती तशीच चालत बरडावर गेली, धोंड्यावर चोळखण घातलं, नारळ फोडला आणि खाली आली. घरी येऊन पुरणपोळीचा पहिला घास तोंडात घालताना तिला स्वतःचाच राग आला. जी गोष्ट चार शहाण्या माणसांनी बसून समजून घ्यायची, तिच्यासाठी धोंड्याला मधे घालावं लागलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बरडावर धूळ नव्हती.

तिसऱ्या दिवशीही नव्हती. पुंजाजी कळप नाल्याकाठच्या पडितातून, वावरांच्या धुऱ्या-बांधांवरून हिंडवू लागला आणि येता-जाता झुंबरबाईच्या दारावरून मुद्दाम मोठ्याने हाकारे देऊ लागला. ज्या उत्तमरावांची म्हैस ठरावाला भीत नव्हती, ते स्वतः तिला बरडाच्या वाटेवरून वळवून आणू लागले. त्या वर्षी गवत उशिराचं, पण आलं. झुंबरबाईने ते कापू दिलं नाही. म्हणाली, दोन साल बी पडू द्या. पुढच्या पावसाळ्यात बरडाने अंग धरलं. पवना उठला, मारवेल पसरला, कुसळीचे पांढरे तुरे वाऱ्याने एकाच दिशेला वाकू लागले. नाल्याचं पाणी गढूळ यायचं ते निवळ येऊ लागलं, आणि पायथ्याच्या विहिरीला होळीनंतरही पाणी राहिलं. अर्जुनरावांनी वांगी लावली. मागच्या दारात झुंबरबाई मिश्री लावून उभी राहायची, पण थुंकताना म्हणायला काही नसायचं. तिला चुकल्यासारखं व्हायचं.

मग ते वाईट साल आलं. मृग बरसला, आर्द्रा बरसल्या, आणि नंतर आभाळाने पाठ फिरवली. ज्वारी हातभर होऊन पिवळी पडली. कणीस नाही ते नाहीच, कडब्याचीही आशा गेली. दसऱ्याच्या आत गोठ्यांतली जुनी वैरण संपत आली. लोक घरांवरची पालापाचोळ्याची शाकारणी ओढून जनावरांपुढे टाकू लागले. आणि त्या सगळ्या उजाड शिवारावर बरड मात्र सोन्याच्या रंगाचं उभं होतं. पहिल्या पावसावर जुन्या मुळांनी उचल खाल्ली होती. कंबरेइतकं गवत.

झुंबरबाईने विळे काढले, धार लावली, आणि सभेत सांगितलं, उद्यापासून कापणी. घरटी एक माणूस.

चावडीत कुणी हाव म्हणालं नाही.

"काऊन बे, काय झालं सगळ्यांले?" ती म्हणाली.

उत्तमराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "वहिनी, थे मायचं हाय."

"मीच बांधलं ना! मीच सोडलं, जा."

"तुमी बांधलं, खरं हाय. पण घेतलं मायनं. बैलांच्या साक्षीनं देलं तुमी. देल्ली चीज वापस मांगता काय?"

आयुष्यभर झुंबरबाईला ज्यांना एक शब्द ऐकवता आला नव्हता, त्यांनी तिचा एकच शब्द असा धरून ठेवला होता, की आता तो तिला स्वतःलाच सोडवता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आणि अर्जुनराव दोघंच वर गेले. अर्जुनरावांनी पायथ्याशी वहाणा काढल्या. "कुसळं भरतीन पायात," ती म्हणाली. "भरू दे," ते म्हणाले, आणि त्यांचे ओठ हलत होते ते कापणीभर हलतच राहिले. संध्याकाळी कपिलीपुढे भारा पडला. गाईने मान खाली घातली ती वर काढली नाही.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ लोक दारात येऊन गाईची चौकशी करू लागले. कधी झुंबरबाईला ताप आला तर कुणी विचारलं नव्हतं. "गाय कशी हाय?" "गाय बसली का उभी हाय?" "डोळे पाह्यले का तिचे?" पुंजाजी तर ओसरीवर ठाणच मांडून बसला.

"पुंजाजी, तुले धंदा नाही का?"

"ढोरंच नाही चारायले, काकू. अर्धी तं लोक खामगावच्या बाजारात नेऊन राह्यले. म्हणलं, तुमची गाय मरते का पाहू."

आणि गाय फुगली. महिनाभर पाचोळ्यावर राहिलेलं पोट, त्यात एकदम पोटभर गवत, फुगणारच. डावी कूस ढोलासारखी टम्म. झुंबरबाईने तेल पाजलं, ओवा चारला, गाईला अंगणात फिरवलं. अंधार पडायच्या आत गाय मोकळीही झाली. पण तोवर गावभर झालं होतं. मायनं इशारा दिला. सोडली, पण सांगून सोडली.

"जास्त खाल्लं म्हणून फुगली!" झुंबरबाई रस्त्यात उभी राहून ओरडली. "पोळ्याले पुरणपोळ्या खाऊन तुमी फुगता, तवा कोणती माय कोपते?"

रस्त्यात कुणी नव्हतं. दारं होती, ती लोटलेली होती.

दोन दिवसांनी मंजुळाबाईच्या अंगणात बैल सोडलेले दिसले. तिचा नवरा त्यांच्या गळ्यातल्या घंट्या काढत होता. विकायला नेताना घंट्या काढून ठेवतात. मंजुळाबाई चौकटीला टेकून उभी होती. पोळ्याला तिने त्याच बैलांची शिंगं स्वतः रंगवली होती. रंग अजून पुरता गेला नव्हता. खामगावला आता या हाडांच्या बैलांना घेणारे कोण, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

झुंबरबाई घरात गेली, आदल्या दिवशीचा भारा डोक्यावर घेतला आणि तिच्या अंगणात नेऊन आदळला.

"टाक बैलांपुढं."

"उचला बाई थो." मंजुळाबाई मागे सरकली. "पाया पडतो तुमच्या. माह्या घरात लेकरं हायेत."

"अन् बैल? बैल लेकरं नाही?"

"मायचं आमी नाही खाऊ घालत."

झुंबरबाईच्या डोळ्यांपुढे लाल झालं. "मायचं नाही खात तू? नारळ फोडतं तिथं, तवा खोबरं कोण खाते वं? माय खाते? चांगली बचक भरून खातं तू, मी पाह्यलं हाय! तवा नाही कोपली माय?"

"थो परसाद राह्यते!" मंजुळाबाईही तडकली.

"मंग हा कोण हाय? हाही परसादच!"

झुंबरबाई भांडणात बोलून गेली होती. पुढची शिवीही जिभेवर तयार होती. पण मंजुळाबाई भाऱ्याकडे पाहत होती. मग बैलांकडे. मग पुन्हा भाऱ्याकडे.

"परसाद असन," ती हळूच म्हणाली, "तं नाही म्हणता येत नाही."

"तेच तं..."

"पदर पसरूनच घ्या लागते. नाही घेतला तं पाप." तिने नवऱ्याकडे वळून सांगितलं, "आवो, घंट्या बांधा वापस." आणि पदर खोचून ती जी निघाली, ती घरोघर गेली.

झुंबरबाईने अर्धं आयुष्य घालवून जे सांगितलं होतं, ते मंजुळाबाईने दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाला पटवलं. दुसऱ्या दिवशी न्हाऊन, ओल्या केसांनी बाया बरडावर चढल्या. पहिली पेंढी धोंड्यापुढे ठेवली, हळद-कुंकू वाहिलं. मग विळे चालले. प्रसाद म्हणून कुणी पायात वहाण घातली नाही. सगळं गाव संध्याकाळी अंगणात बसून एकमेकांच्या तळव्यातली कुसळं काढत होतं. प्रसाद म्हणून वाटा घरटी सारखा. ज्याच्या घरी शेपूटसुद्धा नाही त्यालाही.

"त्याले काय करायचं?" झुंबरबाई कातावली. "थो काय स्वतः खाईन?"

"परसाद हाय, बाई," मंजुळाबाई म्हणाली. "परसादाले कोणी माणूस मोजते का?"

ज्यांना जनावरं नव्हती त्यांनी आपला वाटा शेजाऱ्याला दिला. विकता येत नव्हता, कारण प्रसाद विकत नाहीत. वर जनावर न्यायची तर सोयच नव्हती. सगळं डोक्यावरून आलं. झुंबरबाई पायथ्याशी उभी राहून उतरणारी भाऱ्यांची ओळ पाहत होती. तिला माहेरचं कुरण आठवलं. अगदी असंच होतं. फक्त तिथे कुणाला देव मधे घालावा लागला नव्हता.

उन्हाळा कठीण गेला, तरी गावचे बहुतेक बैल दावणीला राहिले. पुढच्या दसऱ्यानंतर कुणी न सांगता विळे निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी तालुक्याचे कुणी साहेब बरड पाहायला आले, तेव्हा चावडीत उत्तमराव त्यांना म्हणाले, "ही आमच्या गावची जुनी चाल आहे साहेब, वाडवडलांपासूनची."

"वाडवडलांपासूनची?" दाराशी पोत्यावर बसलेली झुंबरबाई म्हणाली. "उत्तमभाऊ, तुमची म्हैस तवा कोणते वाडवडील चारत होते?"

साहेबांना काही कळलं नाही. बाकी सगळे खाली मान घालून हसले. मंजुळाबाई मात्र पुढे कित्येक वर्षं बायकांत सांगायची, की हे प्रसादाचं मलेच सुचलं. झुंबरबाई ते ऐकायची आणि तिच्याकडे असं बघायची, की मंजुळाबाईला पदर सावरायची आठवण व्हायची. पण खोडून तिने कधी काढलं नाही. एकदा अर्जुनरावांनी विचारलं, "काऊन बोलत नाही तू?" तर म्हणाली, "बोलून पाह्यलं नं इतके वर्षं."

बहात्तरच्या दुष्काळातही बरडाने गावाला थोडंफार दिलं. त्यानंतरच्या दोनेक वर्षांत झुंबरबाईची छाती भरू लागली. एका दसऱ्यानंतर कापणीला ती बरडावर जाऊ शकली नाही. अंगणात बाज टाकून तिला उन्हाला ठेवायचे. बाया ओल्या केसांनी, भारे घेऊन दारावरून जायच्या आणि ती डोळे किलकिले करून पाहायची: कुणाचा भारा सैल, कुणाचा ओला, कुणी मुळासकट उपटलं. जवळ जाईल तिला ऐकून घ्यावं लागायचं.

त्या दिवशी दुपार कलताना मंजुळाबाई आली. दोन्ही घरचे वाटे तिनेच आणले होते. एक तिने झुंबरबाईच्या गोठ्याशी उतरवला, भिंतीला उभा केला, आणि घाम पुसत बाजेच्या पायथ्याशी बसली. झुंबरबाई डोळे मिटून होती. झोपली असं वाटून मंजुळाबाई उठू लागली. तेव्हा तिने डोळे उघडले, गोठ्याकडे पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली.

"भारा भिंतीले टेकून नको ठेवू वं, वाळवी लागते."